बाय आमचीच

बाय, काल संध्याकाळच्या गाडीने शेवटची माणसं गेली. वसंताची बायको खिडकीतून हात हलवत होती, तिच्या मांडीवर आमसुलांची पिशवी होती. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावरही मी स्टँडावर उगाच उभा राहिलो. परत येताना सवयीने मनात आलं, आता जाऊन बायला सांगूया, कोण खरं रडलं आणि कोण नुसतं नाक ओढत होतं. फाटकापर्यंत आलो तेव्हा आठवलं, हे सगळे आले होते ते तुझ्याच बाराव्याला.

तुझ्याशी बोलायची इतकी सवय लागली आहे की गप्प बसणं जमत नाही, म्हणून लिहितो आहे. लिहिताना माझी मास्तरी मराठी येते, तिला तू हसायचीस. हस. नात्याने मी तुझा चुलतभाऊ, पण आई गेल्यावर मला विहिरीवर न्हाऊ घालणारी तूच, आणि डोळ्यांत साबण गेला म्हणून मी बोंब मारली की पाठीत धपाटा घालणारीही तूच. त्या हक्कावर मी तुझ्याशी जन्मभर भांडलो. आणि आपलं सगळ्यांत लांबलेलं भांडण कशावरून, तर एका चाळीवरून. त्याचा निकाल न लावताच तू उठून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

स्टँड व्हायच्या आधी आपली वाडी म्हणजे बंदराकडे जायच्या वाटेवरची चार कौलारू घरं, मध्ये एक विहीर आणि माड. बोटीची माणसं पडावातून उतरायची, ट्रंका डोक्यावर घेऊन आपल्या दगडी गडग्याला हात लावत पुढे बाजारात जायची. थांबत कोणी नसे. मग गडग्यापलीकडच्या माडांच्या बागेत एस.टी.चं स्टँड झालं आणि धुरळ्याबरोबर माणसंही आपल्या खळ्यात येऊ लागली. पहिल्यांदा आली ती वस्तीच्या गाडीची जोडी, ड्रायव्हर आणि कंडक्टर. रात्री गाडीतच झोपायचे बिचारे, सीटवर पाय दुमडून. तू त्यांना पडवीत चटई दिलीस, दुसऱ्या दिवशी पेज दिलीस, आणि महिन्याभरात नानाच्या पडवीत तुझी खानावळ सुरू झाली. नाना तुझा सख्खा थोरला भाऊ, पण त्याला खानावळ सुरू झाल्याचं कळलं ते त्याच्या पाटाशेजारी एक अनोळखी कंडक्टर बांगड्याचं तिखलं ओरपताना दिसला तेव्हा.

त्या कंडक्टरांनीच तुझं डोकं फिरवलं असं मी म्हणायचो. खरं तर लोकांनीच फिरवलं. कोर्टात नवा आलेला कारकून खोली विचारत यायचा. मुलींच्या शाळेतली बाई विचारायची. देवबागहून, आचऱ्याहून आलेले बाप पोरांच्या शाळेसाठी विचारायचे. सगळ्यांना स्टँडाजवळच राहायचं होतं आणि स्टँडाजवळ होतो आपण, एवढ्या जागेत एवढीशी माणसं.

एके दिवशी विहिरीवर राजू, म्हणजे शेंदायचा दोर, धरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मास्तरा, हयसर दोन माळ्याची चाळ बांधूक होयी."

मी म्हटलं, "तुका अजून मुंबयचो सोस गेलो नाय."

"सोस कसलो? जमीन थोडी, माणसां चिकार. मगे एकावर एक रवाचा. वर आभाळाक काय भाडां पडता?"

तिथून जे सुरू झालं ते कित्येक वर्षं चाललं. मी म्हणायचो, माणसाच्या डोक्यावर माणूस राहिला की खालच्याला ना झोप ना देव. खळं जाईल, तुळस कुठे लावशील, चवथीचा गणपती जिन्याने वर चढवशील काय? आणि माझा हुकमी मुद्दा विहिरीचा. समुद्र हाकेवर. गोडं पाणी आपल्याला मिळतं ते वरच्यावर, बेताने उपसतो म्हणून. "बाव एकच आसा, बाय. ज्यास्त उपसलंस तर मचूळ जातली."

तू राजू सोडून दिलास. घागर खाली धाडकन पाण्यात पडली. "मचूळ पाण्यान माणूस मरणा नाय रे. एकलो रवान मरता."

मग तू मला मुंबईच्या चाळीतली ती रात्र सांगितलीस. ती तू फार कमी वेळा सांगितलीस, मला तर एकदाच. तुझा नवरा गिरणीतून आला तो तापानेच, आणि पहाटेच्या आधी गेला. "माका दार ठोकूक लागला नाय खंयचा. माजा रडणा आयकल्यानी आणि भिंतीपलीकडची बायलमाणसां धावत इली. एकीन माका धरल्यान, एकीन चूल पेटवल्यान. जातीची नाय, पातीची नाय. हय मी रडलंय तर माडाक आयकाक येता."

मी मुंबईला राहिलो तो पाहुणा म्हणून, मला चाळीतला वास आठवतो, संडासाच्या रांगा आठवतात. तू चाळ पाहिली होतीस ती त्या रात्रीची. या दोन चाळी कधी एक व्हायच्या नव्हत्या, आणि तरी आपण त्यांच्यावर एकाच शब्दाने भांडत होतो.

पण बाय, माझंही ऐक. आता तरी ऐक, तोडून बोलायला तू नाहीस. मी नुसता हट्टी नव्हतो. वाडीतल्या पोरांना चालायला शिकताना पडायला जागा लागते, बायकांना भात वाळवायला जागा लागते. एवढंच माझं म्हणणं होतं. तू त्याला "मास्तराची आकाशवाणी" म्हणायचीस आणि कंडक्टरांना हसवायचीस.

मग तो मे महिना आला. शांताराम आणि वसंता, तुझे धाकटे दोघे, मुंबईहून बोटीने आले. जागा सामायिक, तेव्हा सगळ्यांनी बसूनच ठरवायला हवं होतं. नानाच्या ओटीवर बैठक झाली. चाळ बांधायची हे ठरायला वेळ लागला नाही, मुंबईच्यांना ती फारच आवडली. तुझ्या कल्पनेला तुझ्या भावांनी मान डोलावलेली पाहून तू आतून चहा पाठवलास, त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. मी सांगून टाकलं, मला खोल्या नकोत, मागचं माझं कौलारू घर मी मोडणार नाही. "मास्तराक सोडा," नाना म्हणाला. तिघे भाऊ, प्रत्येकाला दोन खोल्या, खाली तीन वर तीन. नकाशा जमिनीवर खडूने काढला, तोही माझ्याच शाळेतला खडू.

शेवटी नानाने विचारलं, "आणि बायचा काय?"

दाराआड तुझ्या बांगड्या नव्हत्याच वाजायला, पण तू तिथे उभी होतीस हे मला ठाऊक होतं.

"बायचा काय म्हणजे?" वसंता म्हणाला. "माझी खोली ती तिचीच."

"माझीव तिचीच," शांताराम म्हणाला. "वेगळी कित्याक होयी? लोक काय म्हणतले, तीन भाव असान भयणीक वेगळी काढल्यानी?"

"तर काय!" नाना म्हणाला. "बाय आमचीच."

सगळ्यांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, बाय, त्यात ढोंग कुणाचंच नव्हतं. वसंताच्या तर डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडे बहिणीला स्वतःची खोली देणं म्हणजे तिला घरातून उठवणं, आणि तुझ्यावर तर सगळ्यांचा जीव. म्हणून कुणीच दिली नाही. परक्या बाईला भाड्याने दिली असती, तुला देता येईना. चाळीच्या वाटणीत माझं तोंड नव्हतं, मी तर चाळच नको म्हणणारा. मी ओटीवरून उठून विहिरीवर गेलो, आणि थोड्या वेळाने तू कळशी घेऊन आलीस.

"झाली मा तुज्या मनासारखी चाळ?" मी म्हटलं. मला टोचायचंच होतं.

तू कळशीला राजू बांधलास. मग म्हणालीस, "माका खोली नको होती रे, मास्तरा. माका कडी होयी होती. भुतूरसून लावची."

आतून लावायची कडी, तेवढंच बोलून कळशी भरलीस आणि गेलीस. पुढे तो विषय तू माझ्याजवळ काढला नाहीस. मी चार वेळा काढला, तू चारही वेळा मासळीच्या भावावर नेलास.

चाळ झाली. गोवा मुक्त झाला त्याच्या आसपास तिच्या वरच्या मजल्यावर कौलं चढली. नानाचं जुनं घर मोडलं, त्याच्याबरोबर पडवी गेली, आणि पडवीबरोबर तुझी खानावळ. वस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर पुन्हा सीटवर पाय दुमडून झोपू लागले. नाना त्याच्या दोन खोल्यांत राहायला गेला, मुलं, सुना, नातवंडं, सगळ्यांची दाटी. मुंबईच्या दोघांनी आपल्या मिळून चार खोल्यांना पितळी कुलपं लावली. चवथीला येऊ, मे महिन्यात येऊ. चाव्या मात्र तुझ्याकडे दिल्या, कारण बाय आमचीच.

कमरेला तो जुडगा लावून तू फिरायचीस. दर सोमवारी कुलपं काढायचीस, खिडक्या उघडायचीस, केर काढायचीस, वाळवी बघायचीस, परत कुलपं लावायचीस. आणि निजायला कधी नानाकडे, कधी माझ्याकडे. तुझी पाळी लागली होती, देवळातल्या दिव्याची लागते तशी. पावसाळा नानाकडे, हिवाळा माझ्याकडे, उन्हाळ्यात जिथे पाहुणे कमी तिथे. ट्रंक तूच उचलायचीस, मला उचलू द्यायची नाहीस.

मी एकदा म्हटलं, "चाव्यो तुज्याकडे. वसंताच्या खोलयेत जावन नीज. कोणाक कळतला?"

"माका कळतला मा," तू म्हणालीस.

मग मी म्हटलं, माझ्या पडवीला माडाच्या झापांचा कूड घालून देतो, आत तुझी खाट. त्यावर तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. "कूड घाल मरे. पण कडी खंय मारतलंस, झापाक?"

मीही हसलो. कूड घातलाच नाही. घातला असता तर तू आत राहिली असतीस की नसतीस, हे आता मला कोण सांगणार?

विहिरीचं मी म्हटलं तसंच झालं. स्टँडासमोर हॉटेलं झाली, त्यांची माणसं रात्रंदिवस पाणी शेंदायची, नानाची दाटी होतीच. एका वैशाखात पाणी मचूळ लागलं, पुढच्या वैशाखात त्यात डाळ शिजेना. मी तुला म्हटलं, बघ. तू म्हणालीस, बघितलंय. त्या कुलपं लावलेल्या चार खोल्यांनी एक घागरसुद्धा उपसली नव्हती, तरी पाणी गेलं. मी जिंकलो आणि प्यायला पाणी नाही, हे कसलं जिंकणं ते मला आजवर कळलेलं नाही. आपण दोघांनी जे वाचवायचं म्हटलं ते दोन्ही गेलं. ना विहीर राहिली, ना माणसं आली.

आणि तो देवबागचा माणूस आला त्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे. तू जिवंत असताना बोलू दिलं नाहीस. जून लागायचा होता. त्याच्याबरोबर त्याची मुलगी, दोन वेण्या घट्ट बांधलेली, चप्पल हातात. तू चाळीच्या पायरीवर तांदूळ निवडत होतीस, मी वर्तमानपत्र वाचत होतो.

"बाय, चेडवाक हायस्कुलात घातलंय," तो म्हणाला. "देवबागसून रोज वाळयेतसून चलत येवचा म्हणजे पाय भरान येतत तेचे. तुमची चाळ आसा म्हणान आयकलंय. एक खोली गावात काय?"

चाव्यांचा जुडगा तुझ्या कमरेला होता. त्या मुलीची नजर त्याच्यावरच होती. वर कुलपं, खाली कुलपं, आणि तू म्हणालीस, "खोली नाय रे, बाबा."

मुलीला तू लाडू दिलास. ती दोघं गेल्यावर तांदूळ तसेच टाकून आत गेलीस आणि त्या दिवशी जेवली नाहीस. चवथीला वसंता आला तेव्हा तू त्याला विचारलंस, मी तिथेच होतो. तू स्वतःसाठी नाही विचारलंस. त्या मुलीसाठी विचारलंस. वसंताने प्रेमाने तुझा हात धरला आणि म्हणाला, "बाय, भाडेकरू एकदा शिरलो काय भायर निघणा नाय. कायदो तेच्या बाजून. आणि आमी येतलाव तेव्हा रवतलाव खंय?" तू म्हणालीस, "तांय खराच." ती मुलगी पुढच्या वर्षी हायस्कुलात दिसली नाही. मी देवबागच्या शाळेवर होतो तेव्हा माझ्याकडूनच चौथी होऊन गेलेली होती, हुशार होती. तू तिचं नाव मला पुन्हा विचारलंस.

तू गेलीस माझ्या पाळीत. पहाटे माझ्या बायकोने, तुझ्या भावजयीने, हाक मारली तर तू ओ दिली नाहीस. पडवीत, खाटेवर, पांघरूण नीट पायापर्यंत. रडण्याचा आवाज नव्हताच, ऐकायला भिंतीपलीकडे कोणी असतं तरी काय ऐकलं असतं? बाहेर वस्तीची गाडी सुरू होत होती. तिचा कंडक्टर धावत आला आणि आमच्या आधी तोच लहान मुलासारखा रडला.

तारा गेल्या. मुंबईहून सगळे आले, यायचे तेवढे सगळे. शांतारामची मुलं, वसंताच्या मेहुण्या, ज्यांना तू चवथीलाही पाहिलं नव्हतंस ती माणसं आली. तुझे दिवस कुणी करायचे यावरून भावांत वाद झाला. प्रत्येक जण म्हणे मी करणार, बाय आमचीच. नाना थोरला म्हणून त्याने केले आणि वसंता दोन दिवस रुसून बसला.

आणि चाव्या मीच तुझ्या कमरेच्या काढून ठेवल्या होत्या, त्या त्यांना दिल्या. चार कुलपं निघाली. बाय, मी त्या चाळीकडे माझ्या घराच्या मागच्या दारातून पाहत होतो. वर खाली दिवे. गॅलरीत बायका केस विंचरत होत्या, एकमेकींच्या मुलांना दटावत होत्या, या खोलीतून त्या खोलीत मीठ चाललं होतं. कुणाचं पोर रडलं की तीन दारांतून डोकी बाहेर यायची. कोर्टातला कारकून रस्त्यावरून जाताना थांबून बघायचा. तू मला विहिरीवर उभी राहून सांगायचीस ती चाळ हीच. मी ती पाहिली, तू गेल्यावर. मला ती आवडली हे तुला सांगायचं होतं, आणि तुला सोडून हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, नाना तर उद्या माझ्या घरावरसुद्धा मजला चढवील.

बाराव्याचं जेवण झाल्यावर सगळे गॅलरीत बसले होते. दाटी झाली होती, पोरं अंगणात झोपवावी लागली होती. वसंता म्हणाला, "माणसां मावणत नाय. वर आणखी एक माळो चढवया." शांताराम म्हणाला, होय, पुढे मुलांची लग्नं आहेत. नाना म्हणाला, जागा स्टँडाजवळची, वाया कशाला घालवायची. तुझे सगळे मुद्दे त्यांना तोंडपाठ होते, फक्त त्यातली माणसं तेवढी त्यांनी काढून टाकली होती.

मग वसंता गॅलरीच्या छताकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि वरची एक खोली बायच्या नावान करूया. बायचो फोटो लावया. दारार नाव घालूया."

सगळ्यांनी एकदम होय म्हटलं. बायकांनी डोळे पुसले. तुझा एकटीचा फोटो कुणाकडेच निघाला नाही, तेव्हा वसंताच्या लग्नातल्या फोटोतून तुला कापून मोठी करायचं ठरलं. त्यात तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, तो फोटोवाला पुसून देतो म्हणाले. तुझी वेगळी खोली केली तर लोक काय म्हणतील, हे या वेळी कुणाच्या मनातही आलं नाही. मला कुणी विचारलं नाही. चाळीला माझा विरोध असतो हे आता सगळ्यांनी धरूनच ठेवलं आहे.

काल संध्याकाळी कुलपं परत लागली. चाव्या या खेपेला इथे कुणाकडे ठेवल्या नाहीत, ठेवायला कोणी उरलं नाही म्हणाले. तुझ्या नावाची खोली पुढच्या मे महिन्यात होईल, बाय, आणि तिची चावी वसंता मुंबईला घेऊन जाईल.